शिरगणती

आमच्या दाजींकडे सायकली किती, या साध्या प्रश्नाला त्यांच्या घरात दोन उत्तरं मिळतात. दाजी अकरा म्हणतात, आक्का एकोणीस म्हणते. दोघंही इंजिनियर, दोघांनाही मोजता येतं आणि दोघंही खरंच बोलत असतात. भांडण व्याख्येचं आहे. छताच्या हुकाला उलटी टांगलेली, चाकं नसलेली फ्रेम दाजी सायकलीत धरत नाहीत, तो ‘प्रोजेक्ट’. चाकं आहेत पण हँडल नाही, तीही मोजायची नाही, कारण हँडल पोस्टात आहे. एक इटालियन फ्रेम मित्राची आहे, ‘नुसती ठेवायला दिलीय’. हा मित्र न्यूझीलंडला गेला, तिथं रुळला आणि त्याची मुलं आता कॉलेजात आहेत. दोन सायकली ‘पार्टसाठी’ आणल्यात, म्हणजे त्यांचं देहदान झालेलं आहे. त्यांना हयातांत कसं मोजायचं? आक्काची व्याख्या सुटसुटीत आहे. अंधारात जिला ठेचकाळून माणूस पडतो, ती सायकल.

दाजी मूळचे सांगलीचे, आणि गेली बरीच वर्षं बर्मिंगहॅमजवळ सॉलिहलला असतात. इंग्लंडातल्या घरांना गॅरेज असतं आणि त्यात मोटार सहसा नसते, हे मी तिथं पाहिलं. मोटार बाहेर पावसात भिजते आणि आत रंगाचे वाळलेले डबे, ख्रिसमसचं प्लास्टिकचं झाड आणि कोणी कधी न वापरलेलं व्यायामाचं यंत्र कोरड्यात सुखानं राहतं. दाजींच्या गॅरेजात सायकली राहतात. पण यंदा दाजींच्या आई कायमच्या तिकडं जायच्या ठरल्या. गुडघ्यांमुळं त्यांना जिना चढवत नाही. खालच्या मजल्यावर खोली हवी, आणि खोली होण्याजोगी जागा खाली एकच होती.

जुन्या सायकलींच्या नादिष्टांत एक सूत्र प्रसिद्ध आहे. माणसाकडे किती सायकली असाव्यात? तर एन अधिक एक; एन म्हणजे सध्या जेवढ्या असतील तेवढ्या. दाजींनी ते कधीतरी मोठ्या कौतुकानं आक्काला सांगितलं होतं. त्या सूत्राला एक पोटनियमही आहे, तो त्यांनी सांगितला नव्हता, तिनं स्वतः शोधून काढला. तो असा: किंवा एस वजा एक, एस म्हणजे जेवढ्या सायकली झाल्यावर बायको घर सोडून जाते तेवढ्या. यंदा आक्कानं एसची किंमत जाहीर केली. चार. बागेतल्या लाकडी शेडमध्ये तीन मावतात. बाकीच्या गवंडी यायच्या आत गेल्या पाहिजेत.

मी नेमका त्या उन्हाळ्यात तिकडं होतो, म्हणून पंच म्हणून माझी नेमणूक झाली. मला सायकलींतलं काही कळत नाही, ही माझी पात्रता आक्काला फार आवडली. दाजींनाही आवडली. त्यांना वाटलं, पाटी कोरी आहे, आपल्याला हवं ते लिहिता येईल.

आधी एक खुलासा. या सायकली म्हणजे कॅरिअरला दुधाच्या किटल्या अडकवून फिरणारी आपली उभी काळी सायकल नव्हे. या शर्यतीच्या. पोलादी नळ्या, हँडल खाली वळलेलं, टायर अंगठ्याएवढं. मडगार्ड नाही, स्टँड नाही, घंटी नाही, कॅरिअर नाही. म्हणजे सायकल घेताना आपण दुकानदाराकडून ज्या ज्या गोष्टी भांडून फुकट घेतो, त्यांतली एकही नाही. काळ साधारण 1950 पासून 1987 पर्यंतचा. पुढं ॲल्युमिनियम आलं, कार्बन आला, गिअरचे खटके ब्रेकच्या दांडीत शिरले, आणि दाजींच्या मते सायकलीचा इतिहास तिथंच संपला. 1987 हे साल त्यांनी मनचं काढलेलं नाही. इटलीत तस्कनीमध्ये गायोले इन किआंती या गावातून 1997 पासून ‘लेरोइका’ नावाची जुन्या सायकलींची फेरी निघते, पांढऱ्या मातीच्या कच्च्या रस्त्यांवरून. तिथं सायकल साधारण 1987 पर्यंतची लागते, गिअरचे खटके फ्रेमच्या तिरक्या नळीवर लागतात, ब्रेकच्या वायरी हँडलच्या बाहेरून लोंबत्या लागतात आणि पायडलला पाय पट्ट्यानं बांधलेला लागतो. वाटेतल्या थांब्यांवर वाइन मिळते. दाजी तिथं जायचं म्हणतात. कधीपासून म्हणतात, ते आक्काला विचारा.

आता अशा माणसानं बर्मिंगहॅमला राहणं म्हणजे मधुमेह्यानं हलवायाच्या माडीवर खोली घेण्यातला प्रकार. आपल्या वाडवडिलांच्या तोंडी सायकलींची जी नावं होती, ती इथं पत्ते म्हणून भेटतात. हर्क्युलिस 1910 साली इथल्या ॲस्टन भागात निघाली. फिलिप्सचा कारखाना शेजारी स्मेथिकला. बीएसए तर आद्याक्षरातच बर्मिंगहॅम घेऊन फिरते: बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स, आधी बंदुका आणि मग सायकली. रॅले नॉटिंगहॅमची, मोटारीनं तासा-दीड तासाच्या अंतरावर. रॅलेच्या जुन्या कारखान्याच्या जागेवर आता नॉटिंगहॅम विद्यापीठाचं ज्युबिली कॅम्पस आहे. माझी भाची तिथं शिकते. परीक्षा कशी गेली हे दाजी तिला नंतर विचारतात. आधी विचारतात, कुठं खोदकाम चाललंय का.

त्यातून रेनल्ड्स. जुन्या फ्रेमवर ‘रेनल्ड्स 531’ असा स्टिकर दिसला की नादिष्ट माणसाचा श्वास बदलतो. हे घराणं मुळात बर्मिंगहॅममध्ये खिळे करायचं. 1897 साली त्यांनी टोकांना जाड आणि मध्ये पातळ अशा नळीचं पेटंट घेतलं, सांध्याशी ताकद आणि बाकी ठिकाणी वजनाची बचत. आधी खिळे आणि मग सायकलीच्या नळ्या. रस्त्यावर काहीही झालं तरी धंदा घरातच राहावा, अशी ही योजना मला फार आवडली. 1935 साली त्यांची मँगनीज-मॉलिब्डेनम पोलादाची 531 आली आणि पुढची कित्येक वर्षं चांगली सायकल म्हणजे 531 असं ठरून गेलं. जॅग्वार ई-टाइप या मोटारीच्या पुढच्या सांगाड्यालाही 531 लावलेली होती. हे वाक्य दाजी पाहुण्याला चहा यायच्या आत ऐकवतात. चहाबरोबर ब्रूक्सची गोष्ट येते. ब्रूक्स मूळचे घोड्यांचं चामडी सामान करणारे. मालकाचा घोडा मेला, म्हणून तो सायकलीवर बसला, बूड सोलवटलं, म्हणून त्यानं सायकलची नवी सीट काढली आणि 1882 साली पेटंट घेतलं, असं सांगतात. ती चामडी सीट हळूहळू बसणाऱ्याच्या अंगासारखी होते, अशी तिची ख्याती आहे. मी बसून पाहिलं. मधल्या काळात बसणारा तिच्यासारखा होत असावा.

जुनी सायकल घरी येते तेव्हा तिच्या सीटची दांडी अडकलेली असते. दांडी ॲल्युमिनियमची, नळी पोलादाची. इंग्लंडची ओल आत मुरली की तीस-चाळीस वर्षांत दोन्ही धातू एकमेकांना सोडायला तयार नसतात. यावर उपाय चढत्या क्रमानं करायचे. आधी गंज सोडवायचं तेल. मग अमोनिया. मग दांडी बाकावरच्या व्हाइसमध्ये आवळून अख्खी फ्रेमच गोल फिरवायची. दाजी आणि त्यांचे शेजारी फ्रेमची दोन टोकं धरून गॅरेजात प्रदक्षिणा घालताना मी पाहिलेत. शेवटचा उपाय कॉस्टिक सोडा. तो ॲल्युमिनियम खातो आणि पोलादाला हात लावत नाही. माणसाच्या कातडीला मात्र लावतो, म्हणून हा कार्यक्रम आक्का माहेरी आलेली असताना होतो. क्रोमवरचा गंज काढायला पोळ्या गुंडाळायच्या फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून घासला तरी पुरतं म्हणतात, आणि खरंच पुरतं. फ्रेमच्या आतल्या गंजाला ऑक्झॅलिक ॲसिड पाण्यात कालवून त्यात ती बुडवून ठेवायची. फ्रेम बुडेल एवढं भांडं घरात एकच असतं आणि ते वरच्या मजल्यावर, न्हाणीघरात असतं. गेल्या दिवाळीत पहिली अंघोळ एका प्यूजोनं केली.

छर्र्यांचं तर काय सांगावं. मागच्या चाकाच्या हबमध्ये एका बाजूला पाव इंची नऊ छर्रे असतात. सोडताना नऊ निघतात आणि भरताना आठ सापडतात. नववा पुढच्या आठवड्यात व्हॅक्युम क्लीनरमध्ये खडखडतो, आणि तोवर दाजींनी शंभरांचं पाकीट मागवलेलं असतं.

पण खरी विद्या आट्यांची. दोन्ही पायडलांमधला जो मुख्य आस, त्याचे कप फ्रेममध्ये आट्यांवर बसतात. इंग्लिश सायकलीत उजव्या बाजूच्या कपाला उलटे आटे, चालता चालता सैल पडू नये म्हणून. इटालियनांनी दोन्हीकडं सुलटेच ठेवले. उजवा कप अधूनमधून सैल पडतो आणि इटलीत कोणाला त्याचं काही वाटत नाही. फ्रेंचांचे दोन्ही सुलटे, पण माप निराळं. स्वित्झर्लंडनं माप फ्रान्सचं घेतलं, दिशा इंग्लंडची घेतली आणि तटस्थता राखली. हे सगळं एक वेळ समजण्यासारखं आहे. पण इंग्लंडात इंचाला चोवीस आटे अशी रीत असताना रॅलेनं आपल्या बहुतेक सायकलींना सव्वीस ठेवले. का, असं मी विचारलं. दाजी म्हणाले, “मोठं घर होतं ते. मोठ्या घरात असतंय असं.” फ्रेंच हँडलची दांडी 22 मिलिमीटर आणि बाकीच्या जगाची 22.2. हा शून्य पूर्णांक दोन दशांश मिलिमीटर घालवण्यासाठी पॉलिश पेपर घेऊन रविवारभर दांडी घासणारा मनुष्य आमच्या घराण्याचा जावई आहे. फ्रीव्हील काढायचा पाना तर प्रत्येक कंपनीचा वेगळा: कुणाला दोन खाचा, कुणाला चार, कुणाला आतून दाते. दाजींच्या भिंतीवर हे पाने ओळीनं टांगलेले आहेत आणि प्रत्येकाखाली लेबल आहे. आक्काच्या मते हीदेखील एक सायकलच, फक्त पसरलेली.

तर पंच म्हणून मी पहिल्याच बैठकीत विचारलं, “दाजी, यातल्या तुम्हाला मापाच्या कुठल्या?”

आक्कानं माझ्याकडं असं पाहिलं की मला पुढच्या दोन्ही जेवणांची काळजी उरली नाही.

दाजींची उंची पाच फूट पाच इंच. त्यांना 52 सेंटिमीटरची फ्रेम लागते. गॅरेजात 56 होत्या, 58 होत्या, 61 होती. 52 ची अगदी मागं, पोत्याखाली एक. त्या काळी तिकडं फ्रेम मोठी आणि सीट खाली अशी घ्यायची पद्धत होती, शिवाय छोटी फ्रेम बाजारात कमी येते, आली तर महाग, असं दाजींनी समजावलं. आणि मग मुख्य मुद्दा: “चालवायला आणल्यात काय या?” 61 ची रॅले ते चालवतातही. घराच्या पायरीला डावा पाय टेकवून चढतात आणि परत येऊन त्याच पायरीला उतरतात. मध्ये कुठं सिग्नल लागला तर दिव्याच्या खांबाला हात घालून उभे राहतात. मला वाटतं, याचं मूळ सांगलीत आहे. वडिलांच्या हर्क्युलिसच्या नळीखालून तंगडी पलीकडं घालून, एका काखेत सीट धरून सायकल शिकलेलं पोर पुढं मापाच्या सायकलीवर रमत नसावं. दाजींना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “तुम्ही पंच आहात, डॉक्टर न्हवं.”

दुसरं माप किमतीचं. इथं प्रकरण आणखी नाजूक होतं. रॅलेनं शर्यतीच्या खास फ्रेमी करायला इल्केस्टनला एक वेगळा छोटा कारखाना चालवला होता. टीआय-रॅले संघाच्या सायकली तिथल्या, आणि 1980 साली याच संघाच्या योप झूटेमेल्कनं टूर द फ्रान्स जिंकली. तिथल्या फ्रेमच्या बुडाशी ‘एसबी’ या अक्षरांनी सुरू होणारा नंबर असतो. दाजींकडे एक फ्रेम आहे, तिच्या बुडाशी एस दिसतो, पुढं बहुधा बी दिसतो, आणि पुढचं कुणीतरी नंतर दिलेल्या जाड निळ्या रंगाखाली गेलंय. रंग खरवडला तर किंमत उतरते. नाही खरवडला तर किंमत कळत नाही. दाजी गेली कित्येक वर्षं त्या फ्रेमला पालथी करून बॅटरीच्या उजेडात बघतात, अंगठ्यानं चाचपतात आणि परत टांगतात. मी म्हटलं, एकदा खरवडून टाका की. ते म्हणाले, “आणि निघाला बी नाही, तर?”

स्टिकरवर तर जाऊच नये. 531 चे नवे कोरे स्टिकर विकत मिळतात. तो चिकटवला की पाण्याच्या पाइपाचीही 531 होते. नादिष्ट लोक म्हणून सीटची दांडी मोजतात. आतून पातळ केलेल्या चांगल्या 531 ला सहसा 27.2 मिलिमीटरची लागते. बारीक लागली तर नळीची भिंत जाड, म्हणजे माल हलका. दाजींच्या एका सायकलीवर भला मोठा 531 आहे आणि दांडी 26.4 ची आहे. तिच्याजवळून जाताना ते विषय बदलतात.

मग मी म्हटलं, नीट चालते कुठली, गिअर सुरळीत पडतात कुठल्या, ते तरी बघू. या मापानं अनर्थ झाला. पोत्याखालची 52 ची निघाली ती जपानी. तिच्यावर सनटूर कंपनीचा साधा, स्वस्त डिरेलर होता. चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलणारा हा सांगाडा तिरपा बसवायची युक्ती सनटूरनं 1964 मध्ये काढली, पेटंट घेतलं, आणि ते 1984 मध्ये संपलं तशी बाकीच्यांनी ती उचलली. म्हणजे मधली वीस वर्षं जगातले सगळ्यांत सुरळीत गिअर सगळ्यांत गरीब दिसणाऱ्या सायकलींवर पडत होते, आणि शहाणे लोक इटालियन कॅम्पॅन्योलोला दुप्पट-तिप्पट पैसे मोजून खटका अंदाजानं सरकवत होते. मी त्या जपानी सायकलीवरून कॉलनीला चक्कर मारली. गिअर लोण्यात पडले. दाजींनी तोंड वळवलं. कॅम्पॅन्योलो ही त्यांच्याकडं श्रद्धेची बाब आहे. 1927 साली क्रोचे दाउने घाटात बर्फात शर्यत चाललेली, तुल्लिओ कॅम्पॅन्योलोची बोटं गारठलेली, चाकाचा पंखांचा नट सुटेना, आणि त्या हतबलतेतून पुढं झटक्यात चाक काढायची खटकेवाली दांडी आली, ही आख्यायिका दाजी सांगतात तेव्हा सॉलिहलमध्येसुद्धा बर्फ पडतो. त्याच कंपनीनं 1980 च्या दशकात डेल्टा नावाचे ब्रेक काढले. इतके देखणे ब्रेक मी पाहिलेले नाहीत. वजनदार, गुळगुळीत, आत सगळी यंत्रणा झाकलेली. थांबवण्याच्या बाबतीत ते आग्रह धरत नाहीत. दाजींनी ते कधी सायकलीला लावलेले नाहीत. दिवाणखान्यात शोकेसमध्ये ठेवलेत, गणपतीच्या डाव्या बाजूला.

रंगाचं, आठवणींचं, ‘ही आता कुठं मिळायची नाही’चं, अशी मापं पुढंही लावून पाहिली. बिआंकी सायकलीचा तो फिकट हिरवट-निळा रंग राणीच्या डोळ्यांचा, का मिलानच्या आभाळाचा, का लष्कराच्या उरलेल्या रंगाचा, यावर एक संध्याकाळ गेली. पांढऱ्या प्यूजोवर एडी मर्क्सनं 1966 ची मिलान–सान रेमो शर्यत जिंकली, म्हणून दाजींची पांढरी प्यूजो ठेवायची, यावर दुसरी. मर्क्सनं जिंकली ती सायकल हीच का, असं आक्का आतून विचारत होती.

आक्काची स्वतःची एक सायकल आहे. रॅलेचीच, लहान चाकांची, पुढं टोपली. मागच्या हबमध्ये तीन गिअर आहेत, ते तिनं घेतल्यापासून कुणी उघडून पाहिलेले नाहीत. ती उघड्यावर कुंपणाला टेकून असते. तिच्यावरून भाजी येते, पोस्ट ऑफिस होतं, ग्रंथालय होतं. दाजींनी तिला कधी तेल घातलेलं नाही, कारण त्यांच्या मते तिच्यात करण्यासारखं काही नाही. मी विचारलं, ही तिनांत धरायची का? दोघं एकदमच म्हणाले, “ही कशाला?” अकरा आणि एकोणीस या दोन्ही आकड्यांत ती नव्हती. दोघांचं एकमत झालेली घरातली ती एकमेव सायकल.

सांगलीला फोन झाला. आईंना कॅमेरा फिरवून गॅरेज दाखवलं. त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “दुकान घातलंयस काय रं?” दाजी जरा हळवे होऊन म्हणाले, आई, आपल्या आबांची हर्क्युलिस होती बघ, मी कॉलेजला असताना कुणी भंगारात घातली कोण जाणे, ती असती तर या कशाला लागल्या असत्या. आई म्हणाल्या, “कुणी म्हंजे? मीच घातली. तुझे वडील गेल्यावर रोज पुसायची कुणी? तू तर पुण्याला.” दाजी जरा वेळ बोलले नाहीत. मग विचारलं, “काय किलोनं?”

यानंतर मात्र कामाला वेग आला. दाजींनी भराभर सायकली बाजूला काढायला सुरुवात केली आणि त्या निवडीत मला काही दिसू लागलं. त्यांनी सहज बाहेर काढल्या त्या सगळ्या पुऱ्या झालेल्या होत्या. रंग झळझळीत, वायरी नव्या, हँडलला नवी पट्टी, चाकांचा आऊट काढलेला. त्यांच्यासमोर उभं राहिलं की दाजींना हातांचं काय करावं कळत नसे. ते एखादा नट उगीच आवळून बघत, तो आवळलेलाच असे. हात अडत होता तो अर्धवटांपाशी. पुऱ्या झालेल्या सायकलीवर फक्त बसून जायचं उरतं, आणि दाजींना त्यासाठी वेळ नसतो, तो सगळा सायकली दुरुस्त करण्यात जातो. त्यांनी सही करून दिलेल्या यादीतल्या तिन्ही सायकलींवरून कुणालाही फाटकापर्यंत जाता आलं नसतं: एसबी का काय ती निळी फ्रेम, हँडलची दांडी घासायची राहिलेली प्यूजो, आणि न्यूझीलंडवाल्याची अमानत. आक्काला यादी मंजूर होती. तीन म्हणजे तीन.

हरकत मी घेतली. तिघींत मिळून निदान दोन चाकं असावीत, एवढी पंचाची अब्रू राखा, म्हटलं. न्यूझीलंडला फोन लावला. मित्राला फ्रेम आठवेना. तिच्या जागी मी 52 ची जपानी सुचवली. दाजी ‘नको’ म्हणत तिचं मागचं चाक सहज फिरवून बघायला बसले. फिरवलं, कान लावला, परत फिरवलं. फ्रीव्हीलच्या आत कुठंतरी एक खिटी नीट धरत नव्हती. मला चालवताना काही जाणवलं नव्हतं. दाजींचा चेहरा खुलला. भिंतीवरचा एक पाना त्यांनी न बघता काढला आणि म्हणाले, “हिच्यात काम आहे. राहू दे ही.”

विक्री सोपी गेली असं नाही. एका तरुणाला बिआंकी हवी होती आणि पैसेही तो रोख मोजत होता. बोलता बोलता म्हणाला, हिचे गिअर काढून टाकीन, डिरेलर अडकवायचा कान कापीन आणि एकाच गिअरची करून शहरात फिरवीन. दाजींनी त्याला चहा पाजला, बिस्किटं दिली आणि सायकल विकायची नाही म्हणून सांगितलं. दुसऱ्या एका गृहस्थाला ती कॉफीच्या दुकानात भिंतीवर टांगायला हवी होती. त्याला चहासुद्धा मिळाला नाही. मी दाजींना आठवण करून दिली की त्यांनीही ती टांगलेलीच होती. “मी हुकाला टांगली होती,” ते म्हणाले. “खिळ्याला न्हवं.”

61 ची रॅले न्यायला विद्यापीठात शिकणारा एक पोरगा आला. सव्वासहा फूट. त्याला 531 ठाऊक नव्हती, झूटेमेल्क ठाऊक नव्हता, आट्यांच्या दिशेत रस नव्हता. बसचं भाडं परवडेना म्हणून सायकल पाहिजे होती. त्यानं नळीवरून तंगडी टाकली आणि दोन्ही तळवे जमिनीवर सपाट टेकले. दाजी त्याच्या बुटांकडं बघत राहिले. इतक्या वर्षांत त्या सायकलीवर बसून जमिनीला टेकलेला त्यांनी पाहिलेला तो पहिला माणूस. किंमत त्यांनी आपण होऊन वीस पौंडांनी उतरवली, वर एक पंप दिला, टायरची जुनी ट्यूब दिली, सोल्यूशन दिलं, पंक्चर कसं काढायचं ते दोनदा दाखवलं.

पोरगा निघाला. कोपऱ्यापर्यंत पोचतो तोच पाऊस सुरू झाला आणि दाजींना काहीतरी आठवलं. त्या सायकलीच्या रिमा क्रोमच्या, पोलादी. ओल्या झाल्या की ब्रेकचं रबर त्यांना धरत नाही, हे सांगायचं राहिलं होतं. ते फाटकापर्यंत धावले आणि हात हलवत इंग्रजीत ओरडले, ब्रेक आधी दाब, पुष्कळ आधी. पोरगा गिअर टाकण्यात दंग होता. मग सांगलीच्या भाषेत ओरडले, “आरं, आधी दाब! लई आधी!”

“त्याला ऐकू गेलं का?” आक्कानं दारातून विचारलं.

“त्याचं माहीत नाही,” मी म्हटलं. “समोरून येणारी बस थांबलीय.”